होममेड टेबल सॉवर लाकूड का जळतं?
प्लायवूडच्या टेबलाखाली सर्क्युलर सॉ उलटा बसवला की घरगुती टेबल सॉ तयार. कापलेल्या कडेवर काळे डाग दिसले की दोष ब्लेडला जातो. ते बोथट असेलही, पण आधी फेन्स तपासा.

प्लग काढा. ब्लेडच्या एका दातावर खूण करून तो पुढे आणा, फेन्सपर्यंतचं अंतर मोजा. मग तोच दात मागे फिरवून पुन्हा मोजा. दात तोच हवा, म्हणजे ब्लेड किंचित वाकडं असलं तरी माप चुकत नाही. मागचं अंतर कमी भरलं, तर लाकूड फेन्स आणि ब्लेडमध्ये चिमटतं. आधी जळतं, मग उसळून थेट अंगावर येऊ शकतं. हाच किकबॅक. दोन्ही मापं सारखी होईपर्यंत फेन्स सरकवा. ब्लेडमागे रायव्हिंग नाइफही लावा. घरगुती मशीनमध्ये नेमकी तीच राहून जाते.