हळदीचा रंग आणि निळीचा धडा

महाबळेश्वरीं उगम पावलेली कृष्णा वाई, कऱ्हाड करीत सांगलीस येते आणि जवळच हरिपुरास तिला वारणा मिळते. ह्या संगमाकांठच्या मातींत खोल पेवें खणून व्यापाऱ्यांनीं हळद सांठविली. १९४९ सालीं सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग निराळा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. हळदीचें पीक मात्र दोहींकडे राहिलें.

हा पिवळा रंग करतें कोण? १८१५ सालीं व्होगेल व पेल्तिये यांनीं तें रंगद्रव्य, म्हणजे कर्क्युमिन, वेगळें काढलें. १९१० सालीं त्याची रचना उलगडली. तें घडतें कसें, हें कळावयास आणखी शतक लागलें. हळदीच्या जिवंत गड्ड्यांत एन्झाइमांचीं कुळें राबत असतात. एक कुळ रेणूस प्राणवायूची जोड देतें, दुसरें मेथिल गट बसवितें. २००९ सालीं जपानी संशोधकांनीं अखेरचे दोन कारागीर दाखवून दिले: पहिला अशा रेणूची लांबी वाढवितो, दुसरा त्यास तसाच आणखी एक रेणू सांधतो.

हळद शिजते तेव्हां हे कारागीर उष्णतेनें निकामी होतात, कोंब मरतो आणि रंग हळकुंडांत सारखा पसरतो. म्हणजे रंग शेतांतच होतो; काहिलींत तो घडत नाहीं.

परंतु २००८ सालींच, भातांतील अशा एका एन्झाइमाचें जनुक इतर जीवांच्या जनुकांसह जंतूंत घालून कर्क्युमिन करविण्यांत आलें होतें. येथें निळीची आठवण होते. हौदांत भिजविलेल्या पाल्यांतील इंडिकन पाल्याचेंच एन्झाइम फोडतें आणि हवा लागून नीळ होते. १८९७ सालीं जर्मन कारखान्यानें कृत्रिम नीळ बाजारांत आणली व थोड्याच वर्षांत हिंदुस्थानांतील लागवड ओसरली.

हळदीचें तसेंच होईल काय? निळींत गिऱ्हाइकास रंगच हवा होता. हळदीच्या शंभर भागांत कर्क्युमिन सुमारें दोन ते पांच. बाकी सुगंधी तेलें, पिष्ट आणि आपल्या फोडणीची चव. औषधासाठीं नुसता अर्क हवा असणारा उद्यां जंतूंकडे वळेल. स्वयंपाकघर वळणार नाहीं, पण माल चोख असला तरच. २०१८ सालीं सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळालें. त्यानें नांव राखलें जाईल. प्रत राखणें शेतकऱ्याच्या व व्यापाऱ्याच्या हातीं आहे. शेतकरी बेण्याची हळद कधीं शिजवीत नाहीं. त्या कारागिरांचें मोल तो शास्त्राआधीं जाणून होता.