पेटींतून आलेली मोटार

मोटार कारखान्यांत तयार होते आणि दुकानांतून विकत घ्यावी लागते, अशी आपणां सर्वांची समजूत आहे, आणि सामान्यतः ती खरीहि आहे. परंतु जगांत असे कांहीं हौशी लोक आहेत कीं, ज्यांना तयार मोटारींत गोडी वाटत नाहीं. ते एखाद्या परदेशी कारखानदाराकडून मोटारीचा सांगाडा, तिचें कवच, चाकें, नळ्या, खिळेमोळे असें सर्व साहित्य पेटींत भरून मागवितात, आणि घरच्या छपराखालीं रविवारमागून रविवार खर्चून तें स्वतःच्या हातांनीं जोडतात. इंग्रजींत अशा मोटारीला ‘किट कार’ म्हणतात. ऑस्ट्रेलियांत हा छंद जुना आहे. आणि तेथें बाहेरून आणलेली अशी मोटार रस्त्यावर नेण्याची सरकारी परवानगी मिळविणें, हें मोटार जोडण्याइतकेंच कष्टाचें काम आहे. हा प्रकार कसा निर्माण झाला, त्याचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे. विषय दिसावयाला लहान आहे; पण त्याच्या पोटीं एक मोठा प्रश्न आहे. एका माणसानें आपल्या घरीं बनविलेली वस्तु सर्वांच्या रस्त्यावर येणार असेल, तर तिच्याबद्दल जामीन कोणीं राहावयाचें?

प्रथम हें लक्षांत घेतलें पाहिजे कीं, ऑस्ट्रेलियांतील मोटारधंद्याचा जन्मच मुळीं पेटींतून झाला. तो देश युरोप-अमेरिकेच्या कारखान्यांपासून फार दूर. संपूर्ण मोटार जहाजानें आणावयाची म्हणजे पुष्कळशा पोकळ जागेचें भाडें भरावयाचें. १९१७ सालीं, पहिलें महायुद्ध चालू असतांना, सरकारनें मोटारींचीं तयार कवचें आयात करण्यावर निर्बंध घातले. त्याचा लाभ ॲडिलेड शहरांतील होल्डन या पेढीला झाला. १८५६ सालीं खोगिरें विकण्यासाठीं निघालेली ही पेढी आतां परदेशी सांगाड्यांवर देशी कवचें चढवूं लागली. १९२५ सालीं फोर्ड कंपनीनें जिलाँग येथें लोकरीच्या एका जुन्या वखारींत सुटे भाग जोडण्यास आरंभ केला. पुढच्याच वर्षीं जनरल मोटर्स आली, आणि १९३१ सालीं ती होल्डनशीं एकजीव झाली.

आपल्याकडेहि असेंच घडलें. १९२८ सालीं जनरल मोटर्सनें मुंबईंत शिवडी येथें सुट्या भागांतून मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. आणि १९४७ सालीं वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून ज्या पहिल्या गाड्या बाहेर पडल्या, त्याहि बव्हंशीं परदेशांतून आलेल्या भागांच्याच होत्या. परंतु जिलाँग काय किंवा कुर्लें काय, तेथें पेटी उघडणारा हात कंपनीचा होता. गाडी सदोष निघाली तर जाब कोणाला विचारावयाचा, हें गिऱ्हाइकालाहि ठाऊक होतें आणि सरकारलाहि ठाऊक होतें. पेटी उघडणारा हात एकट्यादुकट्या गृहस्थाचा झाला, कीं हा जामीन नाहींसा होतो. आपल्या कथेंतील सर्व अडचणींचें मूळ येथें आहे.

हा एकटा गृहस्थ इतिहासांत आला तो मुख्यतः करामुळें. १९४० सालीं ब्रिटिश सरकारनें युद्धकाळांत खरेदी-कर बसविला. पुढें मोटारींच्या बाबतींत त्याचा एक चमत्कारिक परिणाम दिसून आला. तयार मोटारीवर कर होता. पण तीच मोटार सुट्या भागांच्या रूपानें घेतली तर कर नव्हता! कॉलिन चॅपमन या कल्पक इंजिनियराच्या लोटस कंपनीनें हें नेमकें हेरलें. १९५७ सालीं निघालेली तिची ‘सेव्हन’ ही मोटार म्हणजे केवळ चाकांवर बसविलेलें एंजिन आणि दोन आसनें. वजन अवघें ५०० किलोग्रॅमच्या आसपास. अशा पेटीबरोबर जोडणीचीं सूचनापत्रें देण्यास कायद्याची आडकाठी होती, म्हणून कंपनी मोटार सुटी कशी करावी याच्या सूचना देत असे व गिऱ्हाइकानें त्या शेवटाकडून आरंभाकडे वाचावयाच्या, असें सांगतात. १९७३ सालीं ब्रिटनमध्यें नवा मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. छंद मात्र संपला नाहीं. जी गोष्ट कर चुकविण्यासाठीं सुरू झाली, ती आतां आनंदासाठीं चालू राहिली.

ऑस्ट्रेलियांत या छंदाला अनुकूल भूमि होती. अंतरें मोठीं, कारागीर दूर, त्यामुळें शेतावरच्या माणसाला स्वतःचें यंत्र स्वतः दुरुस्त करण्याची संवय. त्यांतून परदेशी तयार मोटारींवर भारी जकात. मेलबर्नच्या बोलवेल बंधूंनीं १९६० नंतरच्या दशकांत घरीं जोडण्याच्या मोटारी विकण्यास आरंभ केला. त्यांची ‘मार्क सेव्हन’ ही मोटार पुष्कळ तरुणांनीं आपल्या अंगणांत उभी केली. त्या काळीं नोंदणीचे नियम आजच्या मानानें सौम्य होते, आणि ते प्रत्येक राज्याचे निराळे होते. याचें कारण असें कीं, १९०१ सालीं सहा वसाहतींचें संघराज्य झालें, तेव्हां रस्त्यावरची मोटार हा विषय घटनाकारांच्या ध्यानींमनींहि नव्हता. म्हणून नोंदणीचा अधिकार राज्यांकडेच राहिला. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. तिचा उपयोग पुढें होणार आहे.

या मोकळेपणाचा शेवट एका भीषण आंकड्यानें झाला. १९७० सालीं ऑस्ट्रेलियाच्या रस्त्यांवर ३,७९८ माणसें मृत्यु पावलीं. देशाची लोकसंख्या त्या वेळीं सव्वा कोटीच्या घरांत होती. म्हणजे दर लाखामागें तीस माणसें एका वर्षांत रस्त्यानें खाल्लीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्यें व्हिक्टोरिया राज्यानें मोटारींत आसनाचा पट्टा बांधणें सक्तीचें केलें. असा कायदा करणारें जगांतील तें पहिलें राज्य होय. याच सुमारास सबंध देशासाठीं ‘ऑस्ट्रेलियन डिझाइन रूल्स’ या नांवाचे रचना-नियम तयार झाले. पट्टे कसे असावेत, ते कोठें अडकवावेत, ब्रेक किती अंतरांत लागावेत, दिवे कोठें असावेत, धूर किती असावा, अशा एकेका विषयावर एकेक नियम रचला गेला, आणि वर्षानुवर्षें त्यांत भर पडत गेली.

नियम हितकर होते याविषयीं वाद नाहीं. पुढील दशकांत मोटारींची संख्या वाढत असतांहि रस्त्यावरील मृत्यु कमी होत गेले. पण हे नियम लक्षावधि मोटारी काढणाऱ्या कारखान्यांकडे पाहून रचले होते. मोठी कंपनी चार मोटारी भिंतीवर आदळून फोडूं शकते. तो खर्च लाख गिऱ्हाइकांत वांटला जातो. बोलवेल बंधूंनीं १९७० सालीं ‘नागारी’ नांवाची सुंदर मोटार काढली. (आपल्या नागरी लिपीशीं या नांवाचा संबंध नाहीं, तें तेथील आदिवासींच्या भाषेंतून घेतलेलें आहे.) तिचें उत्पादन १९७४ सालीं थांबलें. नव्या नियमांच्या पूर्ततेचा भार लहान कारखानदाराला पेलणें कठीण झालें होतें. मग घरीं बसून एकच मोटार जोडणाऱ्यानें काय करावें? ती सुरक्षित आहे हें सिद्ध करण्यासाठीं ती भिंतीवर आदळावी, तर परवानगी मिळेल. पण परवानगी घेऊन रस्त्यावर न्यावयाला मोटारच उरणार नाहीं!

या पेंचांतून जो मार्ग निघाला, तो माझ्या मतें या इतिहासांतील सर्वांत विचारपूर्ण भाग होय. ‘व्यक्तिशः बांधलेलें वाहन’ असा एक स्वतंत्र वर्ग मानण्यांत आला. अशा वाहनाला नाश करून घेण्याच्या कसोट्या माफ. परंतु ज्या गोष्टी मोडतोड न करतां तपासतां येतात, त्या सर्व तपासावयाच्या. सांगाड्याला पीळ देऊन तो कितपत वळतो तें मोजावयाचें, पट्ट्यांच्या आधाराची मजबुती पाहावयाची, ब्रेक, धूर व आवाज मोजावयाचे. आणि हें सर्व सरकारमान्य इंजिनियरानें पाहून आपल्या सहीनें प्रमाणित करावयाचें. कारखान्याचा जामीन नाहींसा झाला होता. त्याच्या जागीं एका जाणत्या माणसाची सही आली.

आज हें काम दोन दरवाज्यांतून पार पाडावें लागतें. पहिला दरवाजा संघसरकारचा, म्हणजे बंदराचा. १९८९ सालच्या मोटार-वाहन मानक कायद्याची जागा २०१८ सालच्या नव्या कायद्यानें घेतली, व तो १ जुलै २०२१ पासून पूर्णपणें अंमलांत आला. त्याअन्वयें परदेशी वाहन जहाजांतून उतरण्यापूर्वींच आयातीची मंजुरी हातीं असावी लागते. आतां पेटींत आहे तें वाहन कीं नुसता माल? दोन नळ्या व चार चाकें म्हणजे माल, हें उघड आहे; पण सगळे भाग जोडले असतां अखंड मोटार उभी राहत असेल, तर तिला माल म्हणून सोडून देणें कायद्याला परवडत नाहीं. म्हणून शहाणा मनुष्य पैसे पाठविण्यापूर्वीं सरकारी खात्याला लेखी विचारतो. शिवाय ॲस्बेस्टॉसची गोष्ट आहेच. २००३ सालच्या अखेरीपासून ऑस्ट्रेलियांत त्यावर संपूर्ण बंदी आहे. ब्रेकच्या अस्तरांत किंवा एंजिनच्या चकत्यांत त्याचा अंश असला, तरी माल अडकून पडतो. चाकाला परदेशची माती लागलेली असली, तरी ती धुवून काढल्यावांचून गत्यंतर नसतें.

दुसरा दरवाजा राज्याचा, आणि येथेंच १९०१ सालची ती गोष्ट आडवी येते. वाहन देशांत आलें म्हणजे तें रस्त्यावर आलें असें नव्हे. नोंदणी राज्यच करणार. न्यू साउथ वेल्सची तपासणीची पद्धति एक, तर व्हिक्टोरियाची दुसरी. आधारभूत ग्रंथ मात्र बहुतेक एकच आहे: हलक्या वाहनांच्या बांधणीविषयीं केलेली राष्ट्रीय संहिता. अनुभवी लोकांचा पहिला उपदेश असा असतो कीं, पहिला खिळा मारण्यापूर्वीं इंजिनियराकडे जा. सांगाड्याचे सांधे कवचाखालीं झांकले गेल्यावर ते कोण पाहणार? म्हणून टप्प्याटप्प्यानें तपासणी, प्रत्येक टप्प्याचीं छायाचित्रें, प्रत्येक भागाची पावती हें सारें जपून ठेवावें लागतें.

ज्यांनीं आधीं पेटी मागविली आणि मागाहून नियम वाचले, त्यांची स्थिति दयनीय होते. घरांतील शिल्लक संपलेली असते, दोनतीन वर्षांचे रविवार गेलेले असतात, मोटार अंगणांत चकाकत उभी असते, आणि एखाद्या आधाराच्या जाडीपायीं सही मिळत नाहीं. हत्ती गेला पण शेंपूट राहिलें! अशा वेळीं सरकार लोकांच्या कर्तृत्वाचें वैरी आहे, असें त्या माणसाला वाटलें तर नवल नाहीं. त्याच्या तक्रारींत तथ्य मुळींच नाहीं असेंहि म्हणवत नाहीं. एकाच देशांत एका राज्याची रीत दुसऱ्याहून निराळी असावी, याचें समर्थन सुरक्षिततेच्या नांवानें करतां येत नाहीं.

पण रस्ता हा कोणा एकाच्या अंगणाचा भाग नव्हे. आपल्या मोटारींत बसणारा मनुष्य तिच्यावर विश्वास टाकून बसतो. समोरून शाळेला जाणाऱ्या मुलानें तसा विश्वास टाकलेला नसतो. त्याच्या वतीनें कोणी तरी तो सांगाडा पिळून पाहिला पाहिजे. १९७० सालचा तो आंकडा ज्या राष्ट्रानें पाहिला, त्याला हा विचार टाळतां येणें शक्य नव्हतें.

या इतिहासाला अलीकडे एक नवा अर्थ आला आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजीं पंतप्रधान चिफली यांनीं पहिल्या होल्डन मोटारीचें अनावरण केलें, तेव्हां आपलें राष्ट्र आतां स्वतःची मोटार घडवितें, हा ऑस्ट्रेलियन जनतेचा अभिमान होता. २०१६ सालीं फोर्डनें आणि २०१७ सालच्या ऑक्टोबरमध्यें टोयोटा व होल्डन यांनीं तेथील उत्पादन बंद केलें. मोठ्या प्रमाणावर मोटारी काढणारा कारखाना त्या देशांत उरला नाहीं. आतां एखादी मोटार सामान्य नागरिकाच्या हातांखालीं आकार घेतांना पाहावयाची असेल, तर ती अशा घरगुती छपराखालींच दिसते. म्हणून त्या छपरावर देखरेख ठेवणाऱ्या कायद्याचें कर्तव्य दुहेरी आहे. रस्त्यावरील जीव त्यानें राखले पाहिजेत, आणि तसें करतांना हातानें वस्तु घडविण्याची राष्ट्राची संवयहि मरूं देतां कामा नये. हीं दोन्ही कामें एका इंजिनियराच्या सहींत सामावतात, हें पाहिलें म्हणजे त्या सहीसाठीं घालवावे लागणारे महिने सर्वस्वी व्यर्थ जातात, असें म्हणवत नाहीं.