बुडत्या राज्याचे वारस

घर फिरलें कीं घराचे वांसेही फिरतात, अशी म्हण आहे. राज्य बुडूं लागलें म्हणजे त्याचे प्रधान आणि सेनापति एकमेकांवर उलटतात, हा इतिहासांतील नेहमींचा अनुभव तींत सांठविलेला आहे. परंतु १९४५ सालच्या एप्रिल महिन्यांत बर्लिन येथें जें घडलें, त्याला ही म्हण पुरी पडत नाहीं. तेथील वांसे घर फिरल्यावर फिरले नाहींत. ते प्रथमपासूनच एकमेकांपासून अलग होते. मधल्या एका खांबाला मात्र प्रत्येक जण टेकलेला होता. आणि तो खांब कलतांच कोणालाही कोणाचा आधार उरला नाहीं.

हिटलरच्या राज्याचें बाह्य रूप मोठें शिस्तबद्ध दिसे. आंत मात्र निराळाच प्रकार होता. १९३८ च्या फेब्रुवारीनंतर जर्मनीच्या मंत्रिमंडळाची बैठक कधींच भरली नाहीं. एकच काम दोघांतिघांकडे सोंपवावें, त्यांच्या अधिकारांच्या सीमा संदिग्ध ठेवाव्या आणि तंटा झाला म्हणजे निवाडा आपल्या हातीं राहील अशी तजवीज ठेवावी, अशी त्या राज्याची रीत पडली होती. भूदल असतांना हिमलरच्या एस. एस. संघटनेची निराळी फौज होती, आणि विमानदलाचा प्रमुख गोअरिंग यानेंही आपल्या जमिनीवरील पलटणी उभारल्या होत्या. सहकारी मंत्र्याचा विश्वास संपादण्यापेक्षां धन्याचा कान जिंकणें अधिक लाभाचें ठरे. दरबारी राज्यांत हें नेहमींच घडतें. पण जुन्या दरबारांत निदान वारसाचा नियम असे. येथें तोही एका माणसाच्या लहरीवर होता.

१९३९ च्या सप्टेंबरच्या १ तारखेस, युद्धाच्या पहिल्याच दिवशीं, हिटलरनें जाहीर केलें कीं, आपल्यामागें गोअरिंग व त्याच्यामागें हेस यांनीं राज्य चालवावें. हेस १९४१ च्या मे महिन्यांत एकटाच विमानानें स्कॉटलंडला निघून गेला. पुढें २९ जून १९४१ च्या फर्मानानें गोअरिंगचा हक्क पुन्हा कायम करण्यांत आला. परंतु ब्रिटनवरील हवाई युद्धांत आलेलें अपयश व स्टालिनग्राडच्या वेढ्यांत अडकलेल्या सैन्याला विमानांनीं रसद पोंचविण्याचें फोल ठरलेलें आश्वासन, यांमुळें त्याची पत घसरली. हेसच्या जागीं बोरमान आला. त्याच्या मागें सैन्य नव्हतें, लोकप्रियता नव्हती, वक्तृत्व नव्हतें. हिटलरला कोणीं भेटावें, कोणता कागद त्याच्यापुढें जावा, हें मात्र पुष्कळ अंशीं त्याच्या हातीं होतें. आणि तेवढें त्याला पुरेसें झालें.

१९४३ सालीं गोबेल्स, स्पीअर वगैरे मंडळींनीं बोरमानचें वर्चस्व मोडण्याचा बेत केला. गोअरिंगच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रसंरक्षण मंडळ पुन्हा सजीव करावें, अशी त्यांची योजना होती. परंतु गोअरिंगवर हिटलरची मर्जी राहिली नव्हती, आणि मर्जी उतरलेल्या माणसाच्या पाठीशीं उभें राहण्यास कोणी धजेना. लवकरच गोबेल्सनें बोरमानशींच जुळवून घेतलें.

१९४५ च्या एप्रिलच्या २० तारखेस हिटलरला छप्पन्न वर्षें पुरीं झालीं. रशियन तोफा शहराच्या वेशीजवळ आल्या होत्या. अभिनंदनासाठीं गोअरिंग, हिमलर, गोबेल्स, रिबेनट्रॉप, स्पीअर, नौदलाचा प्रमुख डोनिट्झ आदि सर्व मानकरी जमले. समारंभ आटोपला आणि रात्रीं मोटारींची रांग बर्लिनबाहेर पडूं लागली. गोअरिंगनें आपल्या प्रासादांतील चित्रें व मौल्यवान वस्तु आधींच दक्षिणेकडे रवाना केल्या होत्या. त्याच रात्रीं तोही ओबरसाल्झबर्गकडे निघाला. हिमलरची तऱ्हा याहून विलक्षण. लाखों ज्यूंच्या संहाराची यंत्रणा ज्याच्या हुकमतीखालीं चालली, तोच माणूस त्या रात्रीं आपल्या अंगमर्दकाच्या घरीं जागतिक ज्यू काँग्रेसच्या प्रतिनिधीशीं बोलणीं करीत बसला. कांहीं कैदी सोडून दिले म्हणजे पाश्चात्त्य राष्ट्रें आपल्याशीं व्यवहार करतील, अशी त्याला आशा होती.

२२ तारखेस श्टाइनरच्या सैन्याचा अपेक्षित हल्ला झालाच नाहीं असें कळल्यावर हिटलरचा तोल सुटला. युद्ध हरलें, आपण बर्लिन सोडणार नाहीं, असें तो बोलला. आणि वाटाघाटीच करावयाच्या तर तें काम गोअरिंग अधिक चांगलें करील, असे उद्गारही त्यानें काढले. हे शब्द विमानदलाचा अधिकारी कोलर यानें दुसऱ्या दिवशीं गोअरिंगच्या कानीं घातले.

गोअरिंग पेंचांत सांपडला. हालचाल न करावी तर अणीबाणीच्या वेळीं कर्तव्य चुकल्याचा दोष येणार. करावी तर राजद्रोहाचा आरोप होणार. त्यानें १९४१ चें फर्मान बाहेर काढलें, कायद्याचा जाणकार लामर्स याचा सल्ला घेतला आणि अतिशय जपून तार लिहिली. आपण बर्लिनमध्येंच राहणार असल्यामुळें फर्मानाप्रमाणें मीं राज्याची सूत्रें हातीं घ्यावीं काय, असा तिचा आशय होता. रात्रीं दहापर्यंत उत्तर न आल्यास आपलें कार्यस्वातंत्र्य संपलें असें समजण्यांत येईल, अशी पुस्तीही तींत होती. बोरमाननें नेमकें या मुदतीवर बोट ठेविलें. ही विचारणा नसून धमकी आहे, असें त्यानें हिटलरच्या मनांत भरविलें. गोअरिंगनें रिबेनट्रॉपलाही बोलावणें पाठविल्याचें कळलें, तेव्हां त्या संशयाला पुरावा मिळाल्यासारखें झालें. गोअरिंगला सर्व पदांचा राजीनामा देणें भाग पडलें आणि एस. एस. च्या शिपायांनीं त्याला कैद केलें. हृदयविकारामुळें तो निवृत्त झाला, असें जगाला सांगण्यांत आलें. त्याच्या जागीं ग्राइम याची नेमणूक झाली. आणि केवळ त्या नेमणुकीसाठीं त्याला वेढलेल्या बर्लिनमध्यें विमानानें बोलावण्यांत आलें. वाटेंत त्याचा पाय जायबंदी झाला. जें विमानदल जवळजवळ उरलेंच नव्हतें, त्याच्या सेनापतिपदाची ही किंमत!

इकडे हिमलरनें २३ तारखेच्या रात्रीं ल्युबेक येथें स्वीडनच्या काउंट बर्नाडोटची गांठ घेऊन पश्चिमेकडे शरणागतीची तयारी दर्शविली. ती बातमी २८ तारखेस परदेशी नभोवाणीवरून फुटली. हिटलरचा संताप अनावर झाला. हिमलर हातीं नव्हता; त्याचा बर्लिनमधील प्रतिनिधि फेगेलाइन होता, त्याला गोळ्या घालण्यांत आल्या. २९ तारखेच्या पहांटे केलेल्या मृत्युपत्रांत गोअरिंग व हिमलर या दोघांनाही पक्षांतून बाद करून डोनिट्झला राष्ट्राध्यक्ष, गोबेल्सला प्रधान व बोरमानला पक्षमंत्री नेमलें होतें. शत्रु कांहीं फर्लांगांवर आला असतां खातीं वांटलीं जात होतीं.

३० एप्रिलला हिटलरनें आत्महत्या केली. यानंतरचा प्रकार सर्वांत बोलका आहे. बोरमाननें डोनिट्झला तार करून वारस नेमल्याचें कळविलें, पण हिटलर मेल्याचें कळविलें नाहीं. बिचाऱ्या डोनिट्झनें मेलेल्या धन्याला एकनिष्ठेचें वचन देणारें उत्तर धाडलें. दरम्यान १ मेच्या पहांटे गोबेल्स व बोरमान यांचा दूत म्हणून जनरल क्रेब्स रशियन सेनापति चुइकॉव्हकडे गेला आणि त्याला हिटलरच्या मृत्यूची वार्ता सांगितली. म्हणजे जर्मनीचा अधिपति वारल्याचें शत्रूच्या सेनापतीला आधीं कळलें. त्याच्या वारसाला तें स्पष्टपणें कळलें त्याच दिवशीं तिसऱ्या प्रहरीं. जोंवर ती बातमी आपल्यापाशीं होती, तोंवर थोडी सत्ताही आपल्यापाशीं होती, हें बोरमान जाणून होता.

त्याच दिवशीं गोबेल्सनें सहकुटुंब मृत्यु पत्करला. नव्या अध्यक्षाकडे जाण्यासाठीं निघालेला बोरमान बर्लिनच्या रस्त्यांतच मेला. त्याचे अवशेष १९७२ सालीं सांपडले. हिमलर डोनिट्झकडे जाऊन दुय्यम पद मागूं लागला. त्या भेटीच्या वेळीं टेबलावरील कागदांखालीं आपण पिस्तूल ठेविलें होतें, असें डोनिट्झनें पुढें आपल्या आठवणींत लिहिलें. ६ मे रोजीं हिमलरला निरोप मिळाला; पुढें खोट्या नांवानें हिंडतांना तो सांपडला आणि २३ मे रोजीं विष खाऊन मेला. त्याच दिवशीं फ्लेन्सबुर्ग येथें डोनिट्झच्या सरकारला ब्रिटिशांनीं अटक केली. ८ मेला सर्वत्र शस्त्रें खालीं ठेविलीं गेल्यावरही त्या सरकारच्या बैठकी भरतच होत्या.

या सर्वांची कथा केवळ हास्यास्पद वाटली असती. परंतु तिची किंमत दुसऱ्यांनीं दिली. १९४५ च्या पहिल्या चार महिन्यांत दहा लाखांहून अधिक जर्मन सैनिक मेले. सोळा वर्षांच्या मुलांपासून साठीच्या वृद्धांपर्यंत पुरुषांना लोकसेनेंत ओढण्यांत आलें. ज्या घरावर पांढरें निशाण दिसेल त्यांतील पुरुषांना ठार करावें, असा हिमलरचा हुकूम होता. आणि तोच हिमलर त्या महिन्यांत स्वतः पांढऱ्या निशाणाचे कागद घेऊन हिंडत होता. छावण्यांतील हजारों कैदी पायीं हांकले जाऊन वाटेंत मेले. स्पीअरनें कारखाने व पूल उद्ध्वस्त करण्याच्या मार्चमधील फर्मानाला आडकाठी केली, हें खरें. पण त्याच स्पीअरनें तोंपर्यंत युद्धसामग्रीचा पुरवठा चालूं ठेवून युद्ध लांबविलें होतें, आणि त्याचे कारखाने वेठीच्या मजुरांवर चालले होते, हेंही विसरतां येत नाहीं.

एवढ्या बलाढ्य अधिकाऱ्यांपैकीं चौघांनीं जरी एकत्र बसून विचार केला असता, तर त्या लोकांपैकीं कित्येक वांचले असते. पण एकत्र बसण्याची संवयच त्या राज्यानें मोडून टाकली होती. वर पाहण्याची विद्या प्रत्येकाला आली होती; बाजूला पाहण्याची कोणालाच नव्हती. म्हणून युद्ध कसें थांबवावें हा प्रश्न त्यांच्यापुढें उभा राहिला, तेव्हां प्रत्येकानें तो निराळ्याच रूपानें वाचला: यांतून आपण कसें वांचावें, आणि वांचलों तर कोणत्या पदावर. ज्या राज्यांत सल्लामसलत हा गुन्हा ठरतो, तेथें संकटकाळीं शहाणपण बोलावूनही येत नाहीं. कारण तें येऊन बसेल अशी जागाच तेथें राखलेली नसते.