खर्ड्याचा हिशेब व मामलतींतील अंतस्थ

खर्डा हें गांव ११ मार्च १७९५ च्या लढाईमुळें इतिहासाच्या वाचकांस परिचित आहे. निजामअलीनें निंबाळकरांच्या ज्या किल्ल्याचा आश्रय घेतला, तो आजही तेथें उभा आहे. त्या लढाईचें वर्णन अनेकांनीं केलें असल्यामुळें त्याची पुनरुक्ति करण्याचा आमचा हेतु नाहीं. ही लढाई मुळांत हिशेबावरून जुंपली, एवढ्याच गोष्टीकडे आम्हांस लक्ष वेधावयाचें आहे. चौथाई-सरदेशमुखीच्या थकबाकीची मागणी पेशव्यांच्या वकिलांनीं केली, तेव्हां तिचा उलगडा करण्यास खुद्द नाना फडणीसांनीं हैदराबादेस यावें, असा आग्रह निजामाचा दिवाण मशीरुल्मुल्क यानें धरला. नाना कामांत गुंतले आहेत असें सांगतांच, त्यांस कसें आणावयाचें तें आम्ही दाखवूं, अशा अर्थाचें उत्तर मिळालें, असें ग्रँट डफ लिहितो. पुढें तहांत दौलताबादेसह मोठा मुलूख व तीन कोटी रुपये देण्याचें निजामास कबूल करावें लागलें आणि मशीरुल्मुल्क पेशव्यांच्या स्वाधीन झाला.

दुसऱ्याकडे पैपैचा हिशेब मागणारी ही दौलत स्वतःच्या अंमलदारांचा हिशेब कसा घेत असे, व ती रीत पुढें कशी बिघडली, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

मोठ्या प्रांताच्या कचेरींत मामलतदाराजवळ दरखदार असत. प्रत्येक पत्रावर व हुकुमावर दिवाणाची सही लागे. कागद व हिशेब फडणिसाकडे जाण्यापूर्वीं मुजुमदार ते तपाशी. फडणीस त्यांवर मिती घालून रोजकीर्द राखी. तीवरून दफ्तरदार खतावणी करून दरमहाचा गोषवारा हुजूर पाठवी. पोतनीस जमा व शिल्लक लिही, आणि नाणें पारखणारे पोतदार दोन असत. या योजनेचें मर्म असें कीं, दरखदार हे मामलतदाराचे चाकर नव्हते. त्यांस काढून टाकण्याचा अधिकार त्यास नव्हता. ज्याचा हिशेब तपासावयाचा त्याच्या हातीं तपासणाऱ्याची भाकरी नसावी, हें तत्त्व आमच्या कारभाऱ्यांस पूर्ण अवगत होतें.

म्हणून कारभार निर्मळ होता, असें मात्र समजूं नये. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत अपहाराचे चाळीस प्रकार मोजले आहेत, आणि मामलतदारांस त्यांतील बरेच ठाऊक असावेत असें वाटतें. १८१९ च्या अहवालांत एल्फिन्स्टननें जमा लपविणें, खोटी सूट दाखविणें, खोटी हजिरी मांडणें, नेमणुका न पोंचविणें इत्यादि प्रकार नमूद केले आहेत. परंतु सर्वांत मोठी प्राप्ति सादिलवार पट्टीची. किरकोळ खर्चाच्या नांवाखालीं ही रयतेवर बसे, व तिच्यांतील मुख्य कलम दरबारखर्च अथवा अंतस्थ हें असे. मंत्री व हिशेबतपासनीस यांस गुप्तपणें द्यावयाची ती ही रक्कम. कालांतरानें हीच लांच ठराविक हक्क होऊन बसली व इतर कलमांप्रमाणें मंजूर होऊं लागली. तथापि नव्या लांचेची गरज उरलीच. तीसाठीं पट्टी पुन्हा वाढली. असल्या नाजूक कलमांत तपासनीस खोल शिरत नसल्यामुळें, वरिष्ठांस पोंचे त्याहून अधिक मामलतदाराच्या पदरीं पडे.

एल्फिन्स्टन हा जेता होता. बाजीरावाचा कारभार काळा दाखविण्यांत त्याचा स्वार्थ होता, अशी शंका कोणी घेईल. परंतु त्याच अहवालांत नानांच्या काळच्या मामलतीविषयीं तो बरें लिहितो. योग्य माणूस नेमावा, तो दीर्घकाळ ठेवावा व वर्तन बिघडल्यास काढावा, ही पूर्वीची चाल त्यास मान्य आहे. सबब त्याची साक्ष सर्वस्वीं त्याज्य ठरत नाहीं.

मग घात कोठें झाला? १७९५ च्या ऑक्टोबरांत सवाई माधवराव वारले व गादीचा वाद पेटला. आपली बाजू सांवरण्यासाठीं १७९६ मध्यें महाडच्या करारानें नानांनींच खर्ड्याचा लाभ बव्हंशीं निजामास परत देऊं केला. बाजीरावानें शिंद्यांस कोट्यवधि रुपये देण्याचें कबूल केलें, आणि ते उभे करण्यासाठीं १७९८ मध्यें सर्जेराव घाटग्यानें पुणें शहर नागविलें. जेथें गादीच पैशानें मिळविली, तेथें मामलत कशी सुटावी? तिचा दरसाल लिलाव होऊं लागला. अधिक बोली करणाऱ्यास परगणा मिळे, तो पोटमक्तेदारांस देई, आणि शेवटीं तो बोजा पाटलावर व पाटलाकडून कुळांवर येई. फिर्याद ऐकणारा कोणी नव्हता. दरखांचे नियम रद्द केल्याचा कोणताही हुकूम लागला नाहीं. पद विकत घेतलेल्या मनुष्यास ते नियम लागूच राहिले नाहींत.

वरील अनुमानास दफ्तरही दुजोरा देतें. मॅक्लिऑडनें पेशवे दफ्तराविषयीं लिहिलें आहे कीं, थोरल्या माधवरावांच्या व नानांच्या काळीं तें मोठ्या नेटकेपणानें राही. मक्त्याची पद्धति सुरू झाल्यावर कारकून कमी झाले आणि लोकांस कागद घरीं नेण्याचीही मोकळीक मिळाली. मक्त्यास हिशेबाची अडचण होते, ती अशी.

आमच्या संग्राहक बंधूंस येथें एक विनंती करावीशी वाटते. शिक्क्याचें पत्र आपण जपतों, आणि ताळेबंद, रोजकीर्द, सादिलवाराच्या यादी रुक्ष म्हणून रद्दींत घालतों. अंतस्थाचा पुरावा शिक्क्याच्या पत्रांत सांपडणार नाहीं. तो त्या यादींतच सांपडेल. खर्डा ज्या जिल्ह्यांत आहे, त्याच जिल्ह्यांतील राळेगणसिद्धीहून सरकारी कागद प्रजेस दाखवावे अशी चळवळ झाली. महाराष्ट्राचा माहितीचा कायदा त्यानंतर आला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशाचा कायदा अमलांत आहे. तत्पूर्वीं, १९७१ मध्यें, लोकायुक्ताचा कायदा राज्यानें केला होता. कागद उघडा असणें व तपासनीस स्वतंत्र असणें, या दोहोंची जोड दरखदारांच्या पद्धतींत अर्धीच होती. कागद हुजूर जाई, रयतेस दिसत नसे. म्हणूनच अंतस्थ हिशेबांत लिहिलें जाऊनही लांचच राहिलें. ठेका देणाऱ्यानें व घेणाऱ्यानें आपसांत मंजूर केलेलें कलम तिसऱ्यास पाहतां आलें पाहिजे, हाच त्या जुन्या वह्यांचा आम्हांस वाटणारा निष्कर्ष होय.