छत्तीस अधिकारी आणि आपले श्रीखंडे सर

रविवारी दिवसभर पाऊस, सगळे घरात. लेकीच्या हातातला आयपॅड काढून घेतला आणि पत्त्यांच्या कॅटमधली सोळा पानं पुढे ठेवली: एक्के, राजे, राण्या, गुलाम. चार बाय चारचा चौकोन मांडायचा. प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत एक्का, राजा, राणी, गुलाम एकेकदाच. इस्पिक, बदाम, चौकट, किलवरही एकेकदाच.

पाऊण तासाने जमलं! लगेच प्रश्न, "आई, सहा बाय सहा?"

हाच प्रश्न सेंट पीटर्सबर्गमध्ये थोर गणिती लिओनार्ड ऑयलरला पडला होता. सहा पलटणी, प्रत्येकीत सहा हुद्द्यांचे सहा अधिकारी. या 36 जणांना असं उभं करायचं की कुठल्याही ओळीत पलटण किंवा हुद्दा दुसऱ्यांदा येऊ नये. उत्तर सापडेना. 1782 साली छापलेल्या निबंधात त्याने हे अशक्य असल्याचं मत मांडलं, आणि 10, 14, 18 असे पुढचे चौकोनही जमणार नाहीत, असा अंदाज केला. सिद्धता मात्र दिली नाही.

1900-01 मध्ये गास्तों तारी या अल्जीरियातल्या फ्रेंच सरकारी नोकराने सहाच्या सगळ्या शक्यता हाताने तपासल्या. ऑयलर बरोबर! आम्हा सीए लोकांच्या भाषेत हे शंभर टक्के व्हाउचिंग, सॅम्पलवर भागवलेलं नाही. पण सहाचं खरं ठरलं म्हणून दहाचंही खरंच असणार, असं बहुतेकांनी धरून चाललं.

1959 साली ते खोटं ठरलं. ठरवणारे तिघे: राजचंद्र बोस, ई. टी. पार्कर आणि आपले शरदचंद्र शंकर श्रीखंडे. श्रीखंडे सर सागरला जन्मले, नागपुरात शिकले आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या चॅपल हिलला बोसांकडे पीएचडी केली. बोस आणि श्रीखंडे यांनी 22 बाय 22 चा चौकोन मांडला, पार्करने 10 बाय 10 चा. मग तिघांनी मिळून दाखवलं की 2 आणि 6 सोडले तर सगळे चौकोन जमतात. न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर बातमी दिली. सर पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख झाले आणि 2020 साली 102 व्या वर्षी गेले. इकडच्या आपल्या किती मुलांना हे नाव माहीत आहे? मलाही उशिराच कळलं.

या कोड्याची गंमत हीच. नियम दोन ओळींचे, पण सहा आणि दहा यांतलं कुठलं अशक्य आणि कुठलं नुसतंच अवघड, हे बघून कळत नाही. तपासावंच लागतं. ऑडिटमध्येही मागच्या वर्षीचा ताळा जुळला म्हणून यंदा डोळे मिटून सही करत नाहीत. सही करणारा ऑयलर असला तरी!

लेकीला सांगितलं, सहाचं नाही जमणार, तारीने तपासलंय.

"पण तू तपासलंस का?"

गप्प बसले. आता डायनिंग टेबलवर रंगीत कागदाच्या 36 चिठ्ठ्या पडल्यात. जेवण आज सोफ्यावर.

तुमच्याकडे सोळा पानं जमली तर कॉमेंटमध्ये फोटो टाका. मुलांनी लावलेला, बाबांनी नाही!