सिंगापूर ते न्यूयॉर्क : अंतर आणि प्रवासाचा वेळ

सिंगापूरचा चांगी विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांच्यातील हवाई अंतर सुमारे १५,३४० किलोमीटर, म्हणजेच सुमारे ९,५३० मैल आहे. न थांबता केलेल्या या प्रवासास साधारणपणे १८ ते १९ तास लागतात. सिंगापूर एअरलाइन्सने ही थेट सेवा ९ नोव्हेंबर २०२० रोजी सुरू केली, तेव्हा ती जगातील सर्वांत लांब पल्ल्याची नियमित प्रवासी सेवा ठरली. त्याआधी याच कंपनीची विमाने न्यूयॉर्कनजीकच्या न्यूअर्क विमानतळावर उतरत असत. २००४ मध्ये सुरू झालेली ती सेवा २०१३ मध्ये बंद पडली व २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली.

वर दिलेले अंतर हे पृथ्वीच्या पृष्ठभागावरील सर्वांत जवळच्या मार्गाचे आहे. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरल्यास तो चीन व सायबेरिया ओलांडून उत्तर ध्रुवाच्या अगदी जवळून जातो. प्रत्यक्षात विमान त्या रेषेवरूनच जाते असे नाही. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या उंचावरील वेगवान वाऱ्यांचा, म्हणजे जेट स्ट्रीमचा, लाभ मिळावा म्हणून न्यूयॉर्ककडे जाताना ते बहुधा प्रशांत महासागरावरून जाते. परतताना ते अनेकदा अटलांटिक महासागर व युरोपवरून येते. २०२२ पासून रशियाचे आकाश टाळले जात असल्यानेही मार्ग लांबतो. म्हणूनच केवळ अंतरास ताशी ९०० किलोमीटर वेगाने भागले असता येणारे १७ तासांचे उत्तर अपुरे पडते. शिवाय वेळापत्रकातील वेळेत धावपट्टीपर्यंत जाण्याचा आणि उतरल्यानंतर थांब्यापर्यंत पोहोचण्याचा वेळही धरलेला असतो.

इतक्या लांबच्या पल्ल्याची किंमत आसनांच्या रूपाने मोजावी लागते. या मार्गावरील एअरबस ए३५०-९००यूएलआर विमानात १,६५,००० लिटर इंधन मावते. मात्र आसने केवळ १६१ असून साधा इकॉनॉमी वर्ग ठेवलेलाच नाही.

प्रवाशांची खरी फसगत होते ती घड्याळामुळे. न्यूयॉर्क हे सिंगापूरच्या मागे हिवाळ्यात १३ तास, तर उन्हाळी वेळ लागू असताना १२ तास असते. समजा, हिवाळ्यात सोमवारी मध्यरात्री १२ वाजता, म्हणजे सोमवार सुरू होताच, सिंगापूरहून निघून साडेअठरा तास प्रवास केला, तर न्यूयॉर्कला पोहोचताना तेथे सोमवारचेच पहाटेचे साडेपाच वाजलेले असतील. उलट न्यूयॉर्कहून सोमवारी रात्री साडेदहाला निघून तितकाच वेळ प्रवास केल्यास सिंगापूरला उतरताना बुधवारची सकाळचे सहा वाजतील. मधला मंगळवार जवळजवळ संपूर्ण विमानातच सरतो. परतीच्या प्रवासात हॉटेलची नोंदणी, पुढचे विमान किंवा कामाची भेट ठरवताना निघण्याच्या तारखेत एक नव्हे, दोन दिवस मिळवावेत. तिकिटावरील दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक वेळा असतात, हे ध्यानात ठेवल्यास हा घोटाळा टळतो.