नाकांत घालावयाच्या थेंबांचा इतिहास

सर्दीनें नाक चोंदलें कीं आंत शेंबूड सांचला असावा, असें मनुष्यास वाटतें. वास्तविक पुष्कळदां नाकाच्या अंतस्त्वचेंतील रक्तवाहिन्या फुगतात, तिला सूज येते व त्यामुळें श्वासाचा मार्ग अडतो. ही सूज उतरविण्याच्या खटपटींतून एका अत्यंत उपयुक्त, पण तितक्याच मायावी औषधाचा जन्म झाला.

त्याचें मूळ चीनमध्यें सांपडतें. ‘मा हुआंग’ नांवाची झुडुपवजा वनस्पति तेथील वैद्य शतकानुशतकें दमा व खोकला यांवर देत आले. १८८५ सालीं जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनीं तिच्यांतून ‘एफेड्रिन’ हें सत्त्व वेगळें काढलें. परंतु त्याचें मोल जगाला कळावयास जवळजवळ चाळीस वर्षें लागलीं. दरम्यान १९०१ च्या सुमारास ताकामिने जोकिची यांनीं ‘अॅड्रिनॅलिन’ शुद्ध स्वरूपांत मिळविलें. तें रक्तवाहिन्या आकुंचित करी खरें, पण त्याचा गुण फार थोडा वेळ टिके. १९२४ सालीं पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजांतील चेन व श्मिट या दोघांनीं एफेड्रिनवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याचा परिणाम अधिक काळ टिकतो, हें दिसून येतांच पाश्चात्त्य देशांत त्याचे थेंब सर्रास वापरांत आले. पुढें १९४० च्या सुमारास स्विट्झर्लंडमधील ‘सिबा’ कंपनीचें ‘नॅफाझोलिन’ आलें. तें याहूनही जोरकस होतें.

येथेंच या कथेस वळण लागलें. औषधाचा अंमल ओसरला कीं सूज परत येई, व ती पूर्वीपेक्षां अधिक असे. रोगी पुन्हां थेंब घाली. दिवसांचे आठवडे व आठवड्यांचे महिने होत. मूळची सर्दी केव्हांच बरी झालेली असे, पण नाक मात्र बंदच! १९४६ पर्यंत वैद्यकानें या विकारास ‘ऱ्हायनायटिस मेडिकामेंटोझा’, म्हणजे औषधानेंच आणलेला नासाविकार, असें नांव दिलें होतें.

१९६० च्या सुमारास ‘झायलोमेटाझोलिन’ व ‘ऑक्सिमेटाझोलिन’ आलीं. त्यांचा गुण दहा-बारा तास टिकतो. परंतु मूळ स्वभाव तोच राहिला. म्हणूनच मुदतीचें बंधन आलें. अमेरिकेंत वेष्टनावर तीन दिवसांची मर्यादा छापलेली असते; इतरत्र ती पांच ते सात दिवसांपर्यंत असते. रक्तदाब, हृदयविकार किंवा कांचबिंदु असणाऱ्यांनीं आधीं डॉक्टरांस विचारावें, असा इशारा त्यासोबत असतो. २०१२ सालीं अमेरिकन सरकारच्या औषध-नियंत्रण खात्यानें आणखी एक धोका जाहीर केला: लहान मुलानें हे थेंब चुकून गिळल्यास, मात्रा अल्प असली तरी, त्यास गुंगी येऊन हृदयाची गति मंदावूं शकते. बाटली मुलांच्या हातीं लागूं नये, ही सूचना त्यामुळेंच महत्त्वाची ठरली.

ज्यांस हे थेंब सुटत नाहींत, त्यांनाही मार्ग आहे. डॉक्टरांच्या सल्ल्यानें ते बंद करावेत. पहिले कांहीं दिवस जड जातात, पण पुष्कळांची अंतस्त्वचा हळूहळू पूर्ववत् होते. औषधाचा गुण मात्रेंत असतो, ही जुनी समजूत खरीच; या थेंबांच्या इतिहासानें तिला मुदतीची जोड दिली.